सातबाऱ्याला वय कळतं



जानेवारी 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल झाली. याचिकाकर्ता अकरा वर्षांचा होता. कायद्याच्या भाषेत तो ‘अज्ञान’, म्हणून त्याच्या वतीनं आईनं ती दाखल केली. ‘पब्जी’ हा मोबाइलवरचा खेळ मारामारी, खून, लूट आणि ऑनलाइन छळाला खतपाणी घालतो, तेव्हा त्याच्यावर बंदी आणावी, अशी त्यात मागणी होती. इंटरनेटवरचा असा हिंसक मजकूर वेळोवेळी तपासणारी एक समिती नेमावी, अशी दुसरी मागणी होती. प्रकरण मुख्य न्यायमूर्ती नरेश पाटील यांच्या खंडपीठापुढे चाललं. एप्रिलमध्ये न्यायालयानं केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान खात्याला सांगितलं, की खेळ तपासा आणि त्यात आक्षेपार्ह काही आढळलं तर योग्य ती कारवाई करा.

त्या वर्षीचे पहिले तीन महिने या एकाच खेळाच्या नावानं गाजले. जानेवारीत दिल्लीला परीक्षेवरच्या चर्चेत एका आईनं मुलाच्या ऑनलाइन खेळाची तक्रार केली, तेव्हा पंतप्रधानांनी विचारलं, ‘‘ये पब्जीवाला है क्या?’’ आणि सभागृह हसलं. फेब्रुवारीत गोव्याचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी हा घराघरात शिरलेला राक्षस असल्याचं सांगून त्याला आवर घालणाऱ्या कायद्याची गरज मांडली. मार्चमध्ये राजकोटच्या पोलीस आयुक्तांनी शहरात या खेळावर बंदी घातली आणि आठवडाभरात दहा तरुणांना अटक झाली. त्यांतले बहुतेक कॉलेजचे विद्यार्थी होते. त्याच महिन्यात आपल्या हिंगोलीत रुळांजवळ मोबाइलवर खेळण्यात गुंगलेले दोन तरुण रेल्वेखाली सापडून गेले.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात. रिकाम्या घरांतून बंदुका, गोळ्या, औषधं गोळा करतात आणि एकमेकांना मारत जातात. मैदान आकसत जातं. शेवटी जो उरतो तो जिंकतो. ‘फ्री फायर’ हा त्याचाच धाकटा भाऊ. त्यात पन्नास खेळाडू असतात, डाव दहा मिनिटांत आटोपतो आणि मुख्य म्हणजे तो स्वस्तातल्या मोबाइलवरही चालतो. खेड्यापाड्यात तो जास्त पसरला, त्याचं मोठं कारण हेच आहे.

राजकोटची घटना जरा थांबून पाहण्यासारखी आहे. आयुक्तांनी बंदी घातली ती तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली. हे कलम आपल्याला जमावबंदीचं म्हणून ठाऊक आहे. दंगल होईल, शांतता बिघडेल, अशा वेळी वापरायचं हत्यार. ते उगारलं गेलं मोबाइल हातात घेऊन बसलेल्या पोरांवर. खेळ बनवणाऱ्या कंपनीला कुणी काही विचारलं नाही. ज्या ॲप स्टोअरवरून तो फुकट मिळत होता, त्यालाही कुणी हात लावला नाही. मुलाला वाचवायला निघालेला कायदा खेळणाऱ्याच्याच दारात जाऊन उभा राहिला. नेपाळनं त्याच एप्रिलमध्ये सबंध देशात बंदी घातली, तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं थोड्याच दिवसांत तिला स्थगिती दिली.

पब्जीवर खरी बंदी आली ती 2 सप्टेंबर 2020 रोजी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली 118 ॲप बंद झाले, त्यात हे एक. कारण होतं देशाचं सार्वभौमत्व आणि सुरक्षितता. गलवानच्या चकमकीनंतरचा तो काळ होता आणि या ॲपच्या मागचा चिनी धागा हा आक्षेपाचा मुद्दा होता. त्या आदेशात अकरा वर्षांच्या मुलाचा प्रश्न नव्हता. म्हणूनच, धागा तुटताच खेळ परत आला. 2 जुलै 2021 रोजी कोरियाच्या क्राफ्टन कंपनीनं तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावानं भारतात उतरवला. जुलै 2022 मध्ये तोही बंद झाला आणि मे 2023 मध्ये पुन्हा सुरू झाला. फ्री फायरवर फेब्रुवारी 2022 मध्ये बंदी आली. त्याचीच ‘मॅक्स’ नावाची आवृत्ती मात्र स्टोअरवर राहिली. मुलांनी एक ॲप काढलं, दुसरं टाकलं आणि डाव पुढे चालू ठेवला.

आता आपल्याच जिल्ह्याकडे वळू. जुलै 2023 मध्ये ऑनलाइन गेमिंगच्या बातमीत गोंदियाचं नाव देशभर झळकलं. नागपूरच्या एका व्यापाऱ्याची ऑनलाइन जुगारात 58 कोटी रुपयांना फसवणूक झाल्याची तक्रार होती. नागपूर पोलिसांनी गोंदियातल्या संशयित बुकीच्या घरावर छापा घातला आणि कोट्यवधींची रोकड, किलोंनी मोजावं इतकं सोनं आणि चांदी बाहेर आली. ती ढिगानं मांडलेली नोटांची बंडलं साऱ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिली.

पैशाच्या खेळाविरुद्ध मग देशाचा कायदाही आला. ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन विधेयक लोकसभेत 20 ऑगस्ट 2025 रोजी, राज्यसभेत 21 तारखेला मंजूर झालं आणि 22 तारखेला राष्ट्रपतींची त्यावर सही झाली. तीन दिवसांत काम फत्ते. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. त्याला न्यायालयांत आव्हानं दिली गेली आहेत. याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. वयानुरूप खेळांना उत्तेजन देण्याची भाषाही त्यात आहे. पण अमुक वयाखालच्या मुलाच्या हाती अमुक खेळ देऊ नये, असं बंधन त्यात नाही.

हे व्याख्यान ज्या एका गोष्टीसाठी आहे, ती हीच. आपल्या कायद्यानं मोबाइलवरच्या खेळाला आजवर दोनदा जोरात हात घातला. एकदा सीमेसाठी, एकदा पैशासाठी. दोन्ही कारणं रास्त आहेत. मुलाच्या वयासाठी मात्र त्यानं अजून हात घातलेला नाही.

असा कायदा आपल्या परंपरेला परका आहे, असंही नाही. 1956 मध्ये संसदेनं अल्पवयीनांसाठी हानिकारक प्रकाशनांचा कायदा केला. त्या दशकात अमेरिकेतल्या रक्तबंबाळ भयकथांच्या चित्रपुस्तकांनी जगभरच्या पालकांची झोप उडवली होती. ब्रिटननं 1955 मध्ये कायदा केला, पाठोपाठ आपण. गुन्हे, हिंसा, क्रौर्य आणि किळसवाणे प्रसंग प्रामुख्यानं रंगवून कोवळ्या मनाला बिघडवतील अशी पुस्तकं-मासिकं विकणाऱ्याला किंवा छापणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, ही त्यातली तरतूद. वयोमर्यादा वीस वर्षांची. पण तो कायदा कागदाचा आहे. पुस्तक, मासिक, पत्रक, वर्तमानपत्र, एवढंच त्याला दिसतं. छापलेल्या चित्रातली बंदूक त्याच्या कक्षेत येते. बोटानं चालवायची बंदूक त्याच्या गावीही नाही.

दुसरा आधार 1970 चा आहे, आणि त्याचं नातं आपल्या मुलखाशी आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी आपल्या माहितीपटाच्या निमित्तानं चित्रपटांच्या परिनिरीक्षणालाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. निकाल लिहिला सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी. रायपूरला शाळा, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण, नागपूरलाच वकिली आणि पुढे नागपूर उच्च न्यायालयाचं मुख्य न्यायमूर्तिपद. भंडारा जिल्ह्याचा भाग असलेलं तेव्हाचं गोंदिया याच उच्च न्यायालयाच्या हद्दीत होतं. हिदायतुल्लांनी ठरवलं, की चित्रपटाची आगाऊ तपासणी आणि प्रौढ व मुलं अशी वयानुसार वर्गवारी घटनेत बसते. त्याच वेळी, कलेची कदर न करणारी ढोबळ कात्री चालणार नाही, असंही त्यांनी बजावलं. कलावंताचं स्वातंत्र्य राखून मुलाचं वय पाहता येतं, हा धडा आपल्याकडे पन्नास वर्षांहून अधिक काळ घटनेच्या चौकटीत पडून आहे.

अमेरिकेत नेमकं उलट घडलं. 1993 मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’सारख्या खेळांवरून तिथल्या सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या. कायदा येईल या धास्तीनं उद्योगानं 1994 मध्ये स्वतःच वयाचे शिक्के मारणारं मंडळ काढलं. कॅलिफोर्नियाला ते पुरेसं वाटलं नाही. 2005 मध्ये तिथल्या विधिमंडळानं अठरा वर्षांखालील मुलाला अतिहिंसक खेळ विकणाऱ्या दुकानदाराला हजार डॉलरपर्यंत दंडाची तरतूद केली. त्या कायद्यावर सही केली राज्यपाल अरनॉल्ड श्वार्झनेगर यांनी. पडद्यावर मशीनगन चालवून जगभर नाव कमावलेल्या नटानं. 27 जून 2011 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी तो रद्द ठरवला. न्यायमूर्ती स्कालिया यांचं म्हणणं असं, की व्हिडिओ गेम ही पुस्तकासारखीच अभिव्यक्ती आहे आणि मुलांच्या गोष्टींत हिंसा पहिल्यापासून आहे. हॅन्सेल आणि ग्रेटेल चेटकिणीला भट्टीत ढकलतातच ना? विरोधात मत देणाऱ्या न्यायमूर्ती ब्रेयर यांना यातली विसंगती बोचली. तेरा वर्षांच्या मुलाला नग्न चित्राचं मासिक विकणं गुन्हा; पण ज्या खेळात तोच मुलगा एका बाईला बांधून छळतो, तो खेळ विकणं गुन्हा नाही!

स्कालियांचा मुद्दा हलका नाही. आपल्या आज्यांनी सांगितलेल्या गोष्टींतही राक्षसांची मुंडकी उडतात. झाडीपट्टीच्या नाटकांत रात्रभर तलवारी चालतात आणि पुढच्या रांगेत पोरं बसलेली असतात. फरक आहे तो एवढा: गोष्ट आजी सांगते, नाटक अख्खं गाव बघतं. मोबाइलवरचा डाव मुलगा एकटा खेळतो, आणि डाव संपला की पुढचा आपोआप समोर येतो. आजी कुठे थांबायचं ते जाणते.

जर्मनीनं 2003 मध्ये मधला रस्ता धरला. खेळ तिथे पाच वयोगटांत विभागले जातात, आणि सोळा किंवा अठराचा शिक्का असलेला खेळ लहान मुलाला विकणारा दुकानदार कायद्यानं दोषी ठरतो. खेळणारा मुलगा नव्हे. ब्रिटननं 2012 मध्ये युरोपातल्या वयाच्या शिक्क्यांना असंच कायद्याचं बळ दिलं. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला चीन आहे. ऑगस्ट 2021 मध्ये तिथे नियम झाला, की अठरा वर्षांखालील मुलांनी ऑनलाइन खेळायचं ते फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी, रात्री आठ ते नऊ. दक्षिण कोरियानं 2011 मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत खेळ बंद केले, आणि दहा वर्षांच्या अनुभवानंतर 2022 च्या आरंभी तो कायदाच मागे घेतला. मुलं संगणकावरून मोबाइलवर गेली होती, आणि कायदा संगणकापाशीच राहिला होता.

विज्ञान काय म्हणतं, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं 2020 मध्ये आपली भूमिका पुन्हा तपासून मांडली. हिंसक खेळ आणि आरडाओरडा, ढकलाढकली असं आक्रमक वागणं यांत लहानसा पण ठाम संबंध दिसतो. खेळामुळे माणूस खून करतो म्हणायला पुरेसा पुरावा नाही. म्हणून एखाद्या भीषण गुन्ह्यानंतर सगळा दोष खेळावर ढकलणं हे सत्याला धरून होत नाही. 2017 मध्ये ‘ब्लू व्हेल’ नावाच्या ऑनलाइन खेळाच्या भीतीनं महाराष्ट्राचं विधिमंडळही हादरलं होतं. केंद्रानं ऑगस्टमध्ये गूगल, फेसबुक, व्हॉट्सॲपला दुवे काढून टाकायला सांगितलं. काही महिन्यांनी सरकारनंच संसदेत सांगितलं, की चौकशीत कोणताही मृत्यू त्या खेळाशी जोडणारा पुरावा सापडला नाही. घाबरून केलेला कायदा चुकीच्या ठिकाणी वार करतो. वयाची वर्गवारी करायला मात्र खुनाचा पुरावा लागत नाही; ‘फक्त प्रौढांसाठी’ असा शिक्का बसलेले सगळे चित्रपट कुठे गुन्हेगार घडवतात?

आणि आपल्याकडचं नुकसान अनेकदा बंदुकीच्या नळीतून खिशापर्यंत पोहोचतं. जून 2021 मध्ये छत्तीसगडच्या कांकेर जिल्ह्यातल्या पखांजूरला, म्हणजे आपल्या शेजारच्या गडचिरोलीच्या पलीकडेच, एका शिक्षिकेच्या खात्यातून 3 लाख 22 हजार रुपये गेल्याचं उघड झालं. 278 व्यवहार. सायबर चोराचा संशय होता. निघाला बारा वर्षांचा मुलगा. मोबाइल आईचा, खातं आईचं. फ्री फायरमध्ये पुढच्या पायरीला जायला नवनवी शस्त्रं हवी होती, आणि ती तो विकत घेत होता. जुलैमध्ये मध्य प्रदेशातल्या छतरपूरला चाळीस हजार रुपये गमावलेल्या तेरा वर्षांच्या मुलानं जीव दिला. हे पैसे जुगारात गेले नव्हते, म्हणून 2025 चा कायदा अशा घरांच्या मदतीला येईलच, असं नाही. शस्त्राची हाव आणि खर्च या खेळात एकाच धाग्यानं विणलेले आहेत.

आज वयाची पाटी अजिबात नाही, असं नाही. ॲप स्टोअरवर 7+, 12+, 16+ असे आकडे असतात. पण तो आकडा खेळ बनवणाऱ्यानंच भरलेल्या प्रश्नावलीतून येतो आणि भारतात त्याला कायद्याचं बळ नाही. गंमत पाहा: 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी वेबसिरीजना यू, यूए 7+, 13+, 16+ आणि ए असे गट लावणं बंधनकारक केलं. 2023 मध्ये चित्रपट कायद्यातही हेच टप्पे आले. म्हणजे मुलगा बंदुकीचा प्रसंग नुसता पाहणार असेल, तर कायद्याला त्याचं वय हवं आहे. बंदूक स्वतः चालवणार असेल, तर नको.

कंपनीनं आपणहून काही नियम घातले आहेत. बॅटलग्राउंड्समध्ये रक्ताचा लाल रंग बदलला, अठराच्या आतल्या मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा लावली, खर्चाला कमाल रक्कम ठरवली आणि पालकाच्या मोबाइलवर ओटीपी पाठवून संमती घेण्याची सोय केली. आता हा ओटीपी गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या घरात नेऊन पाहा. सिमकार्ड बापाच्या नावावर आहे. रिचार्ज बापानं मारलेला आहे. बाप राईस मिलमध्ये हमालीला गेला आहे, आई धानाच्या रोवणीला. किंवा मे महिना असेल तर दोघंही पहाटेच तेंदूपत्ता तोडायला जंगलात. घरात एकच स्मार्टफोन. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत आपणच तो मुलाच्या हातात दिला. तो पुन्हा कपाटात गेलाच नाही. पालकाचा ओटीपी येतो तो त्याच मोबाइलवर, मुलाच्याच तळहातावर. संमती देणारा आणि मागणारा एकच होऊन बसतो. वैयक्तिक विदा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. अठराच्या आतल्या मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी, हे कलम नियमांतल्या दीड वर्षाच्या मुदतीनंतर लागू होईल. त्याची खरी परीक्षा अशाच एका मोबाइलच्या घरात आहे.

आपल्या महसूल खात्यानं हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. जमिनीचा वारस लहान असेल, तर सातबाऱ्यावर त्याच्या नावाबरोबर ‘अ.पा.क.’ लागतं, अज्ञान पालनकर्ता. एकाच कागदावर मूलही दिसतं आणि त्याच्यासाठी जबाबदार असलेलं मोठं माणूसही. तलाठ्याच्या दप्तराला जे कळत होतं, ते हजारो कोटींचा धंदा करणाऱ्या ॲप स्टोअरला कळू नये, याला तांत्रिक अडचण म्हणता येणार नाही. तसं सांगणारा कायदा नाही, एवढंच.

बंदी आणि नियम यांतला फरक झाडीपट्टीला कुणी शिकवायला नको. शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतींवर, 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. पट चोरून होत राहिले, आणि चोरून होणाऱ्या पटात बैलाची काळजी कोण घेणार? राज्यानं 2017 मध्ये कायदा बदलला, डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं ती कायम केली. आज जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, पशुवैद्यकाची तपासणी लागते, आयोजकाचं नाव कागदावर असतं. काही चुकलं तर जाब आयोजकाला द्यावा लागतो, बैलाला नाही. मोबाइलवरच्या खेळातही जाब देणारा हा आयोजक शोधला पाहिजे.

म्हणून मागण्या तीनच. चित्रपट आणि सिरीजसारखीच खेळांची वयानुसार वर्गवारी कायद्यानं व्हावी, आणि ती कंपनीनं स्वतः भरलेल्या कागदावर नव्हे तर स्वतंत्र मंडळानं करावी. मर्यादा मोडली तर दंड कंपनीला आणि ॲप स्टोअरला व्हावा; मुलाला नाही, आईबापांनाही नाही. आणि मुलानं वापरायच्या मोबाइलवर पैशाचा व्यवहार मुळातच बंद असावा, पालकानं मुद्दाम सुरू केल्याशिवाय तो चालू नये.

दिल्लीचा कायदा येईपर्यंत गोंदियाला थांबून राहायचं कारण नाही. नवीन मोबाइल विकताना गोंदियाच्या, तिरोड्याच्या, अर्जुनी-मोरगावच्या दुकानदारानं एवढंच विचारावं, की हा पोराच्या हातात जाणार का. जाणार असेल तर मुलाचं वेगळं खातं उघडून द्यायला दहा मिनिटं लागतात, आणि ती सोय मोबाइलमध्ये फुकट आहे. शाळेच्या पालकसभेत गुणपत्रिकेबरोबर हेही शिकवता येईल. केंद्राच्या शिक्षण खात्यानं डिसेंबर 2021 मध्ये ऑनलाइन खेळांबद्दल पालक-शिक्षकांसाठी सूचना काढल्या होत्या. त्या सालेकसा-देवरीच्या आश्रमशाळांपर्यंत पोचवायच्या तर हलबी, गोंडी, पोवारी बोलणाऱ्या घरांत त्या त्यांच्याच बोलीत सांगाव्या लागतील. दिवाळीनंतरच्या मंडईत दंडारीच्या मंचावरूनही सांगता येतील. त्या मंचासमोर बाप, आई आणि मूल, तिघंही एकत्र बसलेले असतात.

मुंबईच्या त्या याचिकेतला मुलगा 2019 मध्ये अकरा वर्षांचा होता. आता तो अठराच्या घरात पोचला असेल. आईनं सही करण्याची गरज संपली. उद्या तो स्वतःच्या नावानं न्यायालयात उभा राहू शकेल. त्यानं मागितलेली समिती नेमली गेलेली नाही, आणि ज्या वयासाठी त्यानं संरक्षण मागितलं होतं, ते वय तो ओलांडतो आहे. या सभागृहात पुढच्या रांगेत आज जी अकरा-बारा वर्षांची मुलं बसली आहेत, त्यांच्या हातात सहा-सात वर्षं आहेत.